आघात नेमका कोणत्या अक्षरावर?

महाराष्ट्रातील शाळांत पहिलीपासून किती भाषा शिकवाव्यात, या प्रश्नावरून २०२५ सालच्या उन्हाळ्यात मोठे वादळ उठले. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने हिंदी ही तिसरी भाषा म्हणून पहिलीपासून अनिवार्य केली. १७ जूनला त्यात दुरुस्ती झाली. आणि २९ जून रोजी दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा राज्य सरकारला करावी लागली. भाषा कोणती, किती आणि कोणत्या इयत्तेपासून, याचा ऊहापोह या निमित्ताने भरपूर झाला. परंतु भाषा शिकवायची म्हणजे वर्गात नेमके काय शिकवायचे, हा प्रश्न जवळजवळ कोणी विचारला नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत हा न विचारलेला प्रश्न अधिक तीव्रतेने भेडसावतो. भामरागड तालुक्यातील माडिया मुलाच्या दृष्टीने शाळेतील मराठी हीच दुसरी भाषा होय. इंग्रजी ही त्याची तिसरी भाषा, आणि तीही अशी की जी घरी नाही, बाजारात नाही, वाटेवर नाही. ती केवळ पुस्तकात आणि फळ्यावर आहे. अशा मुलाला इंग्रजी ऐकू येण्याआधी दिसते. तिचा ध्वनी त्याच्यापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी संपूर्णपणे शाळेवर पडते. आणि नेमकी हीच जबाबदारी आपल्या शिक्षणव्यवस्थेने कधी गांभीर्याने घेतलेली नाही.

सतरा अक्षरांचे ओझे

राज्यात सर्व माध्यमांच्या शाळांतून पहिलीपासून इंग्रजी शिकविण्याचा निर्णय २००० साली अमलात आला. त्यापूर्वी ती पाचवीपासून शिकविली जात असे. चार वर्षे अगोदर आरंभ झाला, हे खरे. पण शिकविण्याची रीत फारशी बदलली नाही. अनेक वर्गांत आजही शब्द शिकविला जातो तो त्याची अक्षरे एका सुरात घोकून : यू-एन-आय-व्ही-ई-आर-एस-आय-टी-वाय, युनिव्हर्सिटी, युनिव्हर्सिटी म्हणजे विद्यापीठ. 'कॅट' आणि 'रॅट' या शब्दांपर्यंत ही पद्धत निभावून जाते. आठवी-नववीनंतर शब्द लांबू लागले, की ती कोलमडते. अकरावीच्या अर्थशास्त्रात 'इंडस्ट्रियलायझेशन' हा शब्द येतो. त्यात सतरा अक्षरे आहेत. ती एकामागून एक पाठ करणे हे स्मरणशक्तीवर केलेले अकारण ओझे आहे.

जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली एका प्रसिद्ध निबंधात असे दाखविले, की माणसाच्या तात्कालिक स्मृतीत एका वेळी सातच्या आसपास घटक मावतात. मात्र हे घटक लहान-मोठे कसेही असू शकतात. सुटे तुकडे जोडून त्यांचे मोठे घटक केले, तर तीच स्मृती अधिक माहिती पेलते. 'इंडस्ट्रियलायझेशन' या शब्दाचे ध्वनीनुसार तुकडे पाडले तर ते होतात सात : इन्-डस्-ट्रि-अ-लाय-झे-शन. सतरा अक्षरे मर्यादेबाहेरची. सात तुकडे मर्यादेतले. शब्द तोडून वाचण्याची युक्ती ज्याला माहीत आहे आणि ज्याला नाही, त्या दोन विद्यार्थ्यांत बुद्धीचा फरक नसतो. फरक असतो तो या एका हत्याराचा.

हे हत्यार किती जणांच्या हाती नाही, याची कल्पना 'असर' या पाहणीवरून येते. तिच्या २०२३ च्या अहवालानुसार देशातील २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागांतील १४ ते १८ वयोगटात इंग्रजीतील साधी वाक्ये वाचता येणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ५७ टक्के होते. वाचता येणाऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांना त्या वाक्यांचा अर्थही सांगता आला. म्हणजे शब्द वाचता आला की अर्थाची वाट बहुतेकांना सापडते. पहिला अडथळा वाचनाचाच आहे. ही वाक्ये सोपी होती. लांब शब्दांची कसोटी त्यांत नव्हतीच.

लिपीतले अक्षर, तोंडातला अवयव

इंग्रजीत ज्याला 'सिलॅबल' म्हणतात, तो म्हणजे एका स्वराच्या आधाराने, एका दमात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा. येथे त्यास 'अवयव' म्हटले आहे. कारण 'अक्षर' हा शब्द आपण लिपीतील चिन्हासाठी वापरतो, आणि लिपीतील अक्षर व तोंडातला अवयव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यासाठी इंग्रजीकडे जाण्याचेही कारण नाही. 'गडचिरोली' या नावात लिहिताना पाच अक्षरे आहेत; उच्चारताना अवयव चार होतात : गड्-चि-रो-ली. 'भामरागड' लिहिताना पाच, बोलताना तीन : भाम्-रा-गड्. 'नागभीड' लिहिताना चार आणि बोलताना केवळ दोन. कोणता 'अ' गिळायचा आणि कोणता उच्चारायचा, हे मराठी मुलाला कोणी शिकविलेले नसते. त्याचा कान ते ऐकून शिकतो.

याचा अर्थ असा, की शब्दाचे अवयव पाडण्याची क्रिया या मुलाला अपरिचित नाही. एवढेच नव्हे, तर माध्यमिक शाळेत मराठीचे शिक्षक वृत्ते शिकविताना फळ्यावर लघु-गुरूची चिन्हे करतात, मात्रा मोजतात, गण पाडतात. जोडाक्षराचा आघात मागील अक्षरावर येत असेल तर ते गुरू, न येत असेल तर लघूच, हा नियमही मुले शिकतात. ध्वनीचे इतके सूक्ष्म विश्लेषण ज्या वर्गात होते, त्याच वर्गात पुढच्या तासाला इंग्रजीचा शब्द मात्र विटांच्या ढिगाऱ्यासारखा मुलांपुढे ओतला जातो. मराठीच्या तासाला मिळालेले ज्ञान इंग्रजीच्या तासाला वापरायचे नाही, असा जणू अलिखित दंडक आहे.

इंग्रजी शब्द तोडण्याचे ढोबळ नियमही अवघड नाहीत. जितके स्वरध्वनी, तितके अवयव. स्वराची अक्षरे किती आहेत हे पाहायचे नाही, ध्वनी किती ऐकू येतात ते पाहायचे. दोन स्वरांमध्ये दोन व्यंजने आली तर बहुधा त्यांच्या मधून तोडायचे : विन्-डो, नम्-बर. एकच व्यंजन असेल आणि मागचा स्वर दीर्घ असेल तर ते पुढच्या अवयवाकडे जाते : पे-पर. मागचा स्वर ऱ्हस्व व जोरकस असेल तर ते मागे राहते : कॅब्-इन. शब्दाला मागे-पुढे जोडलेले उपसर्ग व प्रत्यय आधी वेगळे काढायचे. एवढ्या सामग्रीवर पाठ्यपुस्तकातील बहुसंख्य लांब शब्द वाचता येतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. शब्दकोशात शब्दाच्या मधे छापलेले ठिपके हे मुख्यतः छपाईच्या सोयीसाठी असतात. ओळ संपताना शब्द कोठे तोडावा, हे ते सांगतात. ओळीच्या शेवटी एकच अक्षर लोंबकळत ठेवू नये, असा जुळाऱ्यांचा संकेत असल्यामुळे दोन अवयवांचा शब्दही काही कोशांत अखंड छापलेला आढळतो. अमेरिकन कोश बहुधा उच्चाराला धरून तोडतात, तर ब्रिटिश परंपरा शब्दाच्या घडणीला अधिक मान देते. ठिपक्यांनाच उच्चार समजणारा विद्यार्थी म्हणूनच फसतो. हे त्याला वर्गात सांगितले गेले पाहिजे.

आघाताची शिस्त

तोडलेल्या अवयवांपैकी एकावर जोर देणे, हे इंग्रजीचे खरे मर्म आहे. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, आणि सर्व अवयव बहुतांशी स्पष्ट उच्चारले जातात. इंग्रजीत एक अवयव उंचावतो आणि उरलेल्यांपैकी काही इतके दबतात, की त्यांतील स्वर पुसट 'अ' सारखा ऐकू येतो. देवनागरीत उच्चार लिहून देणारी मार्गदर्शके येथेच अपुरी पडतात. देवनागरी प्रत्येक स्वराला त्याचे पूर्ण माप देते. कोणता स्वर राजा आणि कोणता प्रजा, हे ती दाखवू शकत नाही. परिणामी विद्यार्थी सर्व अवयव सारख्याच जोराने म्हणतो, किंवा दीर्घ स्वर अथवा जोडाक्षर दिसेल तेथे भार देतो. मराठीच्या सवयीने हे स्वाभाविक आहे. पण इंग्रजीचा आघात नेहमीच या मापाने चालत नाही.

अर्थशास्त्राच्या वर्गातील नित्याचे शब्द घ्यावेत. 'एक्स्पोर्ट' आणि 'इम्पोर्ट' हे शब्द नाम असताना आघात पहिल्या अवयवावर असतो. क्रियापद असताना तो दुसऱ्यावर जातो. 'रेकॉर्ड', 'प्रोड्यूस', 'इन्क्रीज' यांचेही तसेच. 'इकॉनमी' मध्ये आघात दुसऱ्या अवयवावर आहे. 'इकनॉमिक' म्हणताच तो तिसऱ्यावर सरकतो. 'इकॉनमिस्ट' म्हटले की पुन्हा दुसऱ्यावर येतो. 'डेव्हलपमेंट' हा शब्द विकासाच्या नावाने या जिल्ह्यांत दिवसातून शंभरदा उच्चारला जातो. त्यातील आघात दुसऱ्या अवयवावर आहे, हे मात्र क्वचितच ऐकू येते.

हे सारे लहरी वाटते. पण ते तितके लहरी नाही. लांब शब्दांपुरता विचार केला, तर आघाताचे स्थान पुष्कळदा शब्दाचा शेवट ठरवितो. शेवटी 'शन' असेल तर आघात त्याच्या लगतच्या आधीच्या अवयवावर : एज्युकेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, एक्झॅमिनेशन. शेवटी 'इक' असेल तरी तसेच : इलेक्ट्रिक, डेमोक्रॅटिक. शेवटी 'इटी' असेल तर त्या दोन अवयवांच्या आधीच्या अवयवावर : इलेक्ट्रिसिटी, युनिव्हर्सिटी, रिस्पॉन्सिबिलिटी. 'ग्राफी', 'लॉजी', 'क्रसी', 'नमी' अशा शेवटांत शेवटून तिसऱ्या अवयवावर : फोटोग्राफी, बायॉलॉजी, डेमॉक्रसी, इकॉनमी. 'इअर' आणि 'ई' हे प्रत्यय बहुधा आघात स्वतःकडेच ओढून घेतात : इंजिनिअर, ट्रेनी. याउलट 'मेंट', 'नेस', 'ली', 'फुल' हे प्रत्यय नम्र आहेत; ते मूळ शब्दाचा आघात हलवीत नाहीत. म्हणजे 'डेव्हलप' चा आघात ठाऊक असला की 'डेव्हलपमेंट' चा वेगळा शिकावा लागत नाही.

अपवाद आहेतच. 'पॉलिटिक्स' आणि 'टेलिव्हिजन' यांत आघात पहिल्याच अवयवावर राहतो. 'अरिथ्मेटिक' हे नाम 'इक' चा नियम मानीत नाही. पण जी भाषा स्पेलिंगच्या बाबतीत पावलोपावली अपवाद करते, तिच्यात लांब शब्दांच्या आघाताविषयी अर्धा डझन नियम इतके काम देतात, ही गोष्ट शिक्षणाच्या दृष्टीने मोलाची आहे. कोळसा खाणीच्या सुरक्षा-प्रशिक्षणातील 'व्हेंटिलेशन', औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील 'इन्सुलेशन' आणि बारावीच्या पुस्तकातील 'पॉप्युलेशन' हे तिन्ही शब्द एकाच नियमाने सुटतात. तो नियम तीन मिनिटांत सांगता येतो.

ऐकणारा कोण?

आघात चुकल्याने खरोखर काही बिघडते काय? या प्रश्नाचे उत्तर ऐकणाऱ्यावर अवलंबून आहे. हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश या संस्थेने १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या आर. के. बन्सल यांच्या अभ्यासात भारतीयांचे इंग्रजी इंग्रज श्रोत्यांना का कळत नाही, याची जी कारणे आढळली, त्यांत शब्दाघाताच्या चुकीला महत्त्वाचे स्थान होते. उलट ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेंकिन्स यांनी २००० साली असे प्रतिपादन केले, की बोलणारा आणि ऐकणारा या दोघांचीही मातृभाषा इंग्रजी नसेल, तर वाक्यातील मुख्य आघात महत्त्वाचा असतो; एकेका शब्दाचा आघात तितका निर्णायक नसतो. दोन्ही म्हणणी आपापल्या ठिकाणी ग्राह्य आहेत.

या जिल्ह्यांत दोन्ही प्रकारचे श्रोते आढळतात. ताडोबाच्या जंगलात परदेशी पाहुण्यांना घेऊन जाणारा गावातला मार्गदर्शक 'कार्निव्होर' म्हणतो तेव्हा आघात पहिल्या अवयवावर हवा; 'कार्निव्हरस' म्हणतो तेव्हा तो दुसऱ्यावर हवा. तो चुकला तर वाघाविषयीचे त्याचे पिढीजात ज्ञान पाहुण्यापर्यंत नीट पोहोचत नाही. येथे प्रश्न सुबोधतेचा आहे, आणि नियम शिकून तो सुटतो.

परंतु नागपूर-पुण्याच्या मुलाखतीच्या खोलीत समोर बसलेला अधिकारी इंग्रज नसतो. तोही कोठल्या तरी भारतीय भाषेत वाढलेला असतो. एटापल्लीच्या पदवीधराने आघात चुकविला तरी त्याचे बोलणे या अधिकाऱ्याला समजते. तरीही त्याच्या मनात एक शेरा उमटतो. येथे उच्चार हा अर्थ पोहोचविण्याचे साधन राहत नाही. तो घराण्याचा, शाळेचा आणि शहराचा दाखला बनतो. शॉच्या 'पिग्मॅलियन' चे पु. ल. देशपांडे यांनी केलेले 'ती फुलराणी' हे रूपांतर १९७५ साली रंगभूमीवर आले, तेव्हा मराठी प्रेक्षक मनमुराद हसला. उच्चारावरून माणसाची पायरी ठरविण्याची जी रीत त्या नाटकात दिसते, ती मुलाखतीच्या खोलीत मात्र हसण्यासारखी राहत नाही.

अर्थशास्त्राने या व्यवहाराला एक नाव दिले आहे. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली श्रमबाजारातील 'संकेता'चा सिद्धांत मांडला. उमेदवाराची खरी कार्यक्षमता मालकाला आधी दिसत नाही. म्हणून तो पदवीसारख्या बाह्य खुणांवर भिस्त ठेवतो. अशी खूण उपयोगी ठरण्याची अट एकच : ती मिळविण्याचा खर्च कार्यक्षम माणसाला कमी आणि अकार्यक्षमाला अधिक पडला पाहिजे. इंग्रजी आघात या अटीला उतरतो काय? मुळीच नाही. ज्याच्या घरी इंग्रजी बोलले जाते, त्याला ही खूण फुकट मिळते. ज्याच्या घरी माडिया बोलली जाते, त्याला ती शहरातील खासगी वर्गाची फी भरून विकत घ्यावी लागते. हा खर्च गुणावर ठरत नाही, जन्मावर ठरतो. अशी खूण बाजाराला चुकीची माहिती पुरविते. मालक ज्याला गुणवत्ता समजून निवडतो, ती पुष्कळदा केवळ अगोदरची सुस्थिती असते.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे मुलाखत घेणाऱ्यांनी कान सुधारणे : बोलणे समजले की उच्चाराचे गुण कापायचे नाहीत, असा नियम निदान सार्वजनिक नेमणुकांत पाळणे. दुसरा म्हणजे ही खूण सर्वांना शाळेतच विनामूल्य देऊन टाकणे. जी गोष्ट सर्वांकडे असते, तिचा बिल्ला करता येत नाही. पहिल्या उपायासाठी मने बदलावी लागतील आणि त्याला अवधी लागेल. दुसरा उपाय येत्या जूनपासून सुरू करता येण्याजोगा आहे.

चार भाषांचा प्रदेश

२०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या १० लाख ७२ हजारांच्या घरात होती. तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३९ टक्के होते. चंद्रपूर जिल्ह्यात ते १८ टक्क्यांच्या आसपास होते. ही आकडेवारी भाषांचे वैविध्य मात्र पूर्णपणे सांगत नाही. उत्तरेकडे व चंद्रपूरच्या पूर्व भागात झाडीबोली, मध्ये आणि दक्षिणेकडे गोंडी व माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली. एकाच महाविद्यालयाच्या एकाच वर्गात ही सारी मुले एकत्र बसतात.

प्रत्येकाचा कान वेगळा घडलेला आहे. तेलुगूत शब्द बहुधा स्वरान्त असतात. म्हणून सिरोंच्याच्या मुलाच्या तोंडी व्यंजनान्त इंग्रजी शब्दाच्या शेवटी एक स्वर, म्हणजेच एक अवयव, वाढण्याचा संभव असतो. बंगालीत जोर शब्दाच्या आरंभी देण्याची प्रवृत्ती आहे. ती 'युनिव्हर्सिटी' ला आड येते. झाडीबोलीत 'ण', 'ळ' आणि 'श' यांचे उच्चार प्रमाण मराठीहून वेगळे होतात. त्यासाठी या भागातील मुलाने पुणेरी कानांपुढे आधीच एकदा दंड भरलेला असतो. इंग्रजीच्या निमित्ताने तो दुसऱ्यांदा भरावा लागतो. सर्वांसाठी एकच छापील मार्गदर्शक पुरेसे नाही, ते यामुळेच. कोणाचा अडथळा कोठे आहे, हे वर्गातल्या शिक्षकालाच ऐकून ठरवावे लागेल. आणि त्यासाठी प्रथम शिक्षकाच्या कानाला सराव हवा.

दरम्यान या प्रदेशाचे अर्थकारण पालटत आहे. चंद्रपूरला कोळसा, सिमेंट, कागद आणि वीज यांची कारखानदारी जुनीच आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या टेकड्यांतून २०२१ पासून लोहखनिजाचे उत्खनन पुन्हा सुरू झाले आणि चामोर्शी तालुक्यातील कोनसरीला त्यावर आधारित कारखाना उभा राहिला. खनिज येथले, जमीन येथली, धूळही येथलीच. या उद्योगांतील हेल्पर आणि पहारेकरी स्थानिक आणि पर्यवेक्षक बाहेरचा, अशी विभागणी कायमची होऊ द्यायची नसेल, तर स्थानिक तरुणाला सूचनापत्र वाचता आले पाहिजे, यंत्राची पुस्तिका उलगडता आली पाहिजे आणि बैठकीत उभे राहून बोलता आले पाहिजे. त्यासाठी लागणारी कौशल्ये अनेक आहेत, आणि शब्द तोडता येणे हे त्यांतील एक लहानसे होय. पण ते पायातले आहे. त्याच्यावाचून पुस्तिका उघडलीच जात नाही.

दोन आक्षेप

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल, की इंग्रजांच्या उच्चारांची नक्कल करण्याचा हा खटाटोप कशासाठी? आक्षेप रास्त आहे. पण तो येथे लागू पडत नाही. मराठी माणसाने आपला 'ट' आणि 'ड' सोडावा, लंडनच्या लकबीत बोलावे, असे येथे कोणी सुचवीत नाही. लकब ही व्यक्तीची आणि प्रदेशाची खूण आहे, ती राहावी. आघात ही भाषेच्या रचनेतील बाब आहे. मराठीत 'पाणी' आणि 'पाणि' यांतील भेद जसा लिहिणाऱ्याला ठाऊक असावा, तसा 'एक्स्पोर्ट' हे नाम की क्रियापद, हा भेद बोलणाऱ्याला ठाऊक असावा, एवढेच म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या मुलांना मातृभाषेतून पहिला धडा मिळत नाही, त्यांच्यासाठी इंग्रजीच्या आघाताची चिंता करणे म्हणजे पाया नसताना कळस रंगविणे नव्हे काय? मातृभाषेतील शिक्षणाची मागणी निर्विवादपणे पहिली आहे. गोंडी-माडियातून आरंभीचे शिक्षण देण्याची जी थोडी पुस्तके तयार झाली, त्यांची संख्या वाढली पाहिजे. तथापि जी पिढी आज दहावी-बारावीत आहे, तिला या सुधारणेची वाट पाहत थांबता येत नाही. इंग्रजी तिच्या अभ्यासक्रमात आहेच आणि परीक्षाही आहेच. शिवाय ध्वनीकडून भाषेकडे जाण्याची ही पद्धत मातृभाषेच्या विरोधात नाही. ती मातृभाषेच्या ज्ञानावरच उभी राहते. जो शिक्षक मुलाला त्याच्या गावाच्या नावाचे अवयव मोजायला लावील, तो त्या नावालाही वर्गात प्रतिष्ठा देईल.

काय करता येईल

यासाठी नवे खाते, नवी इमारत किंवा मोठी तरतूद यांची गरज नाही. आठवड्यातून दहा मिनिटे या कामासाठी राखून ठेवली, तर चाळीस आठवड्यांच्या वर्षात ती सात तासांहूनही कमी भरतात. सहावीत शब्द तोडणे, सातवीत पहिले तीन नियम, आठवीत उरलेले, नववीत नाम-क्रियापदांच्या जोड्या, अशी मांडणी सहज करता येईल. दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी इंग्रजीच्या व मराठीच्या शिक्षकांचे एकत्र वर्ग घ्यावेत. वृत्त शिकविणाऱ्या शिक्षकाचा कान इंग्रजीच्या शिक्षकाला उपयोगी पडेल. पाठ्यपुस्तकाच्या शेवटी दिलेल्या शब्दसूचीत प्रत्येक लांब शब्दाचे अवयव आडव्या रेघेने तोडून आघाताचा अवयव ठळक छापावा. त्याला शाईशिवाय काही लागत नाही.

ध्वनी कागदावरून शिकविता येत नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे. त्यासाठी आकाशवाणीचे चंद्रपूर केंद्र आहे. पंधरा मिनिटांचा साप्ताहिक पाठ प्रक्षेपित करून त्याच्या प्रती शाळांच्या भ्रमणध्वनींवर साठवून ठेवता येतील. दुर्गम पाड्यांवर संपर्कयंत्रणा खंडित झाली तरी साठविलेला आवाज ऐकू येतो. २०११ साली या दोन जिल्ह्यांसाठी नागपूरपासून वेगळे होऊन गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. या विद्यापीठाच्या इंग्रजी, मराठी आणि अर्थशास्त्र विभागांनी मिळून माडिया, तेलुगू, बंगाली आणि झाडी घरांतील विद्यार्थी कोठे अडखळतात, याची एक साधी पाहणी केली, तर शिक्षकांच्या हाती खरा नकाशा येईल. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून तोंडी परीक्षा घेण्याची पद्धतही सुरू करता येईल. ज्याची परीक्षा होत नाही ते शिकविले जात नाही, हे आपल्याकडील कटू पण जुने सत्य आहे.

आणि शासकीय वा निमशासकीय नेमणुकांच्या मुलाखत मंडळांना एक लेखी सूचना जावी : उमेदवाराचे म्हणणे समजले असेल, तर आघात वा लकब यांसाठी गुण कमी करू नयेत. शाळेने नियम शिकवावेत आणि मंडळाने त्यांचा बडगा करू नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी व्हाव्या लागतील. एकच झाली, तर शिकलेला आणि न शिकलेला यांच्यात नवी भिंत उभी राहील.

पहिलीपासून दोन भाषा की तीन, याचा निर्णय मुंबईत जो व्हायचा तो होईल. सिरोंच्याहून गडचिरोलीला यायला सुमारे दोनशे किलोमीटरांचा प्रवास करावा लागतो. तेथून नागपूर आणि पुढे मुंबई आणखी दूर आहे. तेवढ्या अंतरावरून येणाऱ्या आदेशाची वाट न पाहता फळ्यावर एक लांब शब्द लिहून त्याचे तुकडे पाडायला कोणत्याही शिक्षकाला कोणाची परवानगी लागत नाही.